६४ बिटांचा आकडा नेटवर्कच्या सॉकेटवरून पाठवतो, पाण्याचा मीटर मध्येच उणे होतो आणि आपोआप बराही होतो. मदत हवी.

रबाळे_लोकल | २१ ऑगस्ट, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. दीड महिना डोकं खातंय म्हणून इथे टाकतोय.

आमची महाप्याला एमआयडीसीत पाच जणांची छोटी कंपनी आहे. एका कारखान्यात पाण्याच्या मुख्य लाईनवर आम्ही फ्लो मीटर बसवला आहे. मीटरपाशी एक छोटा बोर्ड आहे. तो आजवर किती पाणी गेलं ते मिलिलिटरमध्ये मोजतो आणि दर मिनिटाला तो एकूण आकडा टीसीपीवरून आमच्या ऑफिसातल्या लिनक्स मशीनला पाठवतो. दोन्हीकडचा कोड सी मध्ये, माझाच. आकडा मोठा होणार हे माहीत होतं, म्हणून पहिल्यापासून ६४ बिट ठेवले. बाइटांचा क्रम नेटवर्कसाठी लावून देणारं एचटीओएनएल हे फंक्शन ३२ बिटांपुरतंच असल्यामुळे आठ बाइट मी स्वतः सुटे करून पाठवतो, सगळ्यात मोठा बाइट आधी.

१ जूनला सकाळी नऊला शून्यावरून सुरू केलं. रोजचा वापर रविवार धरून सरासरी ६० हजार लिटर. ६ जुलैपर्यंत सगळं छान. ७ जुलैला सकाळी बघतो तर एकूण पाणी उणे २,१३५ किलोलिटर! भर पावसात जाऊन केबल बदलली, अडॅप्टर बदलला, अर्थिंग तपासलं. काही फरक नाही. आणि १२ ऑगस्टला सकाळी काही न करता मीटर सरळ ४,३२० दाखवायला लागला, तो बरोबर आहे. आज ४,८६० आहे, तोही बरोबर.

ग्राहक विचारतोय की मधल्या महिन्याचं पाणी कशावरून धरायचं. त्याच्या आवारात आणखी दोन युनिट भाड्याने आहेत, त्यांचं पाण्याचं बिल याच आकड्यावरून निघतं. जे आपोआप बरं झालं ते पुन्हा कधी बिघडेल याची मला जास्त भीती वाटते.

येऊर_पायवाट | २२ ऑगस्ट, सकाळी ७.१५

पावसाळ्यात सुरू होऊन पाऊस ओसरल्यावर बंद झालं, म्हणजे ओल. सेन्सरच्या जंक्शन बॉक्सची गास्केट बघा. आमच्याकडे वागळे इस्टेटला दर जुलैत हेच होतं.

पारसिक | २२ ऑगस्ट, सकाळी ९.०५

ओलीने आकडा उडतो, असा शिस्तीत उणे जात नाही. रबाळे_लोकल, दोन गोष्टी सांगा. ७ जुलैला सकाळी तुमच्या हिशोबाने खरा आकडा किती असायला हवा होता? आणि उणे आकडा त्या महिनाभरात हलत होता की एकाच जागी अडकला होता?

रबाळे_लोकल | २२ ऑगस्ट, सकाळी ९.५०

लोकलमध्ये आहे, लॉग फोनवर आहे. १ जून ते ७ जुलै ३६ दिवस, म्हणजे २,१६० किलोलिटर असायला हवा होता. आणि हो, हलत होता. रोज साठाने शून्याकडे येत होता. शेवटचे तीन दिवस सकाळी नऊचे आकडे: ९ ऑगस्टला उणे १५५, १० ला उणे ९५, ११ ला उणे ३५.

पारसिक | २२ ऑगस्ट, सकाळी १०.२०

मग तुमचा मीटर, केबल, बोर्ड सगळं निर्दोष आहे. खरा आकडा २,१६०, दाखवला उणे २,१३५. दोघांतला फरक ४,२९५ किलोलिटर. मिलिलिटर करा: जवळपास ४२९ कोटी ५० लाख. दोनाचा ३२वा घात आहे ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे तुमच्या आकड्यातून बरोब्बर दोनाचा ३२वा घात वजा होत होता, एक थेंब इकडे तिकडे नाही. खालचे चार बाइट शाबूत आहेत, वरच्या चारांचे सगळे बिट कोणीतरी एकांनी भरून टाकतंय.

आता दिवस मोजा. दोनाचा ३१वा घात म्हणजे २,१४,७४,८३,६४८ मिलिलिटर, साधारण २,१४७ किलोलिटर. रोज ६० ने भागलं तर ३५.८ दिवस. तिथे बिघडला. ३२वा घात ७१.६ दिवसांनी, तिथे बरा झाला. १ जूनपासून ७१.६ दिवस म्हणजे ११ ऑगस्टची रात्र अकरा. तुम्ही १२ ला सकाळी पाहिलंत.

घेणाऱ्या बाजूचा कोड टाका. आठ बाइट परत जोडता ती ओळ तेवढी.

रबाळे_लोकल | २२ ऑगस्ट, दुपारी १.३०

अंगावर काटा आला. ही घ्या ओळ, नावं मराठीत करून:

इंट६४_टी एकूण =
(यूइंट६४_टी)ब[०] << ५६ | (यूइंट६४_टी)ब[१] << ४८ |
(यूइंट६४_टी)ब[२] << ४० | (यूइंट६४_टी)ब[३] << ३२ |
ब[४] << २४ | ब[५] << १६ | ब[६] << ८ | ब[७];

पहिल्या चार ठिकाणी कंपायलरने इशारा दिला होता की शिफ्ट (बिट सरकवणं) प्रकाराच्या रुंदीपेक्षा जास्त आहे. तिथे कास्ट केलं, म्हणजे बाइट आधी ६४ बिटांच्या प्रकाराचा करून घेतला. खालच्या चारांवर काहीच बोलला नाही, म्हणून तसेच ठेवले.

पारसिक | २२ ऑगस्ट, दुपारी २.४५

सापडलं. ब[४] << २४.

हे सविस्तर लिहितो, कारण ही चूक मी चांगल्या चांगल्या लोकांच्या कोडमध्ये पाहिली आहे आणि ती वर्षानुवर्षं दिसत नाही.

ब[४] हा बिनचिन्हाचा बाइट, ० ते २५५. पण सी मध्ये इंटपेक्षा लहान प्रकार हिशोबात उतरला की आधी त्याचा इंट होतो, चिन्हाचा इंट. तुमच्या मशीनवर इंट ३२ बिटांचा. ब[४] जोवर १२७ पर्यंत आहे तोवर २४ घरं सरकवलं तरी तो इंटमध्ये मावतो. १२८ झाला की सगळ्यात वरच्या बिटात एक जाऊन बसतो, आणि इंटमध्ये ती जागा चिन्हाची. सी च्या नियमाप्रमाणे असं सरकवणं हे अव्याख्यित वर्तन, म्हणजे काय होईल याची भाषा हमी देत नाही. प्रत्यक्षात तुमच्या कंपायलरने ऋण संख्या दिली. मग तिची डावीकडच्या ६४ बिटांच्या संख्येशी ऑर (दोन्हींपैकी कुठेही एक असला की उत्तराच्या त्या बिटात एक) करायची म्हणून तिला ६४ बिटांपर्यंत ताणलं. ऋण संख्या ताणताना वरची ३२ घरं एकांनी भरतात. ऑर असल्यामुळे ब[०] ते ब[३] मध्ये काय होतं याला काही अर्थच उरला नाही.

ब[४] कधी १२८ होतो? खालचे ३२ बिट २,१४७ किलोलिटरला पोचले की. कधी परत शून्य होतो? ते ३२ बिट भरून हातचा एक वर गेला की. म्हणून बरा झाला. तो बरा झालेला नाही, मंडळी. ब[४] पुन्हा चढतोय. १ जूनपासून १०७.४ दिवस मोजा: १६ सप्टेंबर, संध्याकाळी सहाच्या सुमारास, ६,४४२ किलोलिटरवर पुन्हा उणे २,१४७ दिसेल. ऐन गणपतीत.

उपाय एवढाच की आठही बाइटांना सरकवण्याआधी यूइंट६४_टी करा. इशारा असो वा नसो. कंस बाहेरून घालून उपयोग नाही. (यूइंट६४_टी)(ब[४] << २४) मध्ये नुकसान आतल्या कंसात होऊन गेलेलं असतं.

आणि कृपा करून एकदा कंपायलरला -एफसॅनिटाइझ=अनडिफाइंड (असं वर्तन पकडणारा सॅनिटायझर) लावून चालवा. आकडा २,१४७ च्या वरचा द्या, तो लगेच ओरडेल.

घणसोली_सेक्टर७ | २२ ऑगस्ट, सायं. ६.१०

पारसिकदादा, दंडवत. मी गेटवेच्या फर्मवेअरवर काम करते, थोडी भर घालते.

रबाळे_लोकल, तुम्ही बाइट सुटे करून पाठवायचा जो मार्ग निवडलात तोच योग्य आहे, तो या घोळात सोडून देऊ नका. शिफ्ट हा संख्येवरचा हिशोब आहे, मेमरीत बाइट कसे ठेवलेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे आपलं मशीन कुठल्या क्रमाचं आहे हे विचारावंच लागत नाही. जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर दोघेही ही आठ शिफ्टांची ओळ ओळखतात आणि ऑप्टिमायझेशन चालू असेल तर तिचं एकाच बाइट-उलट सूचनेत रूपांतर करतात, तेव्हा वेगाची काळजी नको.

नेटवर्कवर लोक एक मॅक्रो (नाव दिलेला कोडचा तयार तुकडा) फिरवतात, त्यापासून सांभाळा: खालचे ३२ बिट एचटीओएनएलमधून काढून वर न्यायचे, वरचे ३२ तसेच काढून खाली. इंटेल आणि नेहमीच्या एआरएमवर बिनचूक चालतो. मोठा-बाइट-आधी असलेल्या मशीनवर एचटीओएनएल काहीच करत नाही, पण दोन अर्ध्यांची अदलाबदल मात्र होतेच. आमच्याकडे जुन्या मिप्स राउटरवर हेच झालं होतं: ५ पाठवले, दोन हजार कोटींच्या वर पोचले. त्या मॅक्रोची चाचणी झाली होती, पण फक्त लॅपटॉपवर.

तयार फंक्शन हवं असेल तर लिनक्सवर एंडियन.एच मध्ये एचटीओबीई६४ आणि बीई६४टीओएच आहेत. बीएसडीवर तीच एसवायएस खालच्या एंडियन.एच मध्ये. पॉझिक्स या युनिक्सच्या प्रमाणाच्या २०२४ च्या आवृत्तीत ती प्रमाण झाली. विंडोजवर विनसॉक या नेटवर्क लायब्ररीमध्ये एचटीओएनएलएल नावाने वेगळं. हा नावांचा पसारा पाहता मी अजूनही आठ शिफ्टच लिहिते.

आणि लाँग पाठवू नका, कुणीच. ६४ बिटांच्या लिनक्सवर तो आठ बाइटांचा, ६४ बिटांच्या विंडोजवर चार. १९९९ च्या सी पासून स्टडइंट.एच आहे, त्यातलेच प्रकार वापरा.

बारावी_नंतर | २२ ऑगस्ट, रात्री ९.३०

मी ऐरोलीला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळं वाचतोय, पण मोठा आधी आणि छोटा आधी यात मशीनला फरक का पडावा, ते नीट कळलेलं नाही. कोणी सोपं करून सांगेल का?

तलावपाळी | २२ ऑगस्ट, रात्री १०.४५

बाळा, तू रोज दोन्ही वापरतोस. २५ लिहिताना आधी दोन, मग पाच. म्हणताना पंचवीस: पाच आधी तोंडातून येतो, वीस नंतर. इंग्रजीत लिहिणं आणि बोलणं एकाच क्रमाने चालतं, आपल्याकडे शंभराच्या आत बोलण्याचा क्रम उलटा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला वीस एक असं म्हणायची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता आठवतं ना? तो वाद मुळात हाच: कुठलं टोक आधी.

जुन्या शिलालेखांत आणि ग्रंथांत शक शब्दांत सांगायचा तर एकं आधी सांगत. 'अंकानां वामतो गतिः', अंक डावीकडे चालत जातात. हा नियम माहीत नसलेला माणूस तो शक उलटा वाचेल. संख्या तीच, वाचणारा चुकला.

संगणकात अंकाच्या जागी बाइट. १, २, ३, ४, ५, ६, ७, ८ असे आठ बाइट मोठ्याकडून छोट्याकडे असलेली संख्या घे. एक मशीन मेमरीत १ पासून ठेवतं, दुसरं ८ पासून. आपापल्या घरात दोघंही बरोबर. मेमरी जशीच्या तशी तारेवर ढकलली की घोळ. म्हणून इंटरनेट प्रोटोकॉलने १९८१ च्या आरएफसी ७९१ या प्रमाण दस्तऐवजामध्येच ठरवून टाकलं की तारेवर मोठं टोक आधी. 'एंडियन' हा शब्द यासाठी डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० च्या टिपणात रुजवला.

माझी तीस वर्षं मेनफ्रेमवर गेली. ती मोठं टोक आधी ठेवणारी मशीनं आजही चालू आहेत. 'आता सगळं इंटेलच आहे' असं कोणी म्हणालं की मला काळजी वाटते.

बारावी_नंतर | २२ ऑगस्ट, रात्री ११.००

काका, पंचवीसवरून एका झटक्यात कळलं. आभारी आहे.

कोपरी_पूल | २३ ऑगस्ट, सकाळी ८.२०

एवढं सगळं करण्यापेक्षा आकडा मजकूर म्हणून पाठवा ना. ओळीत लिहायचा, शेवटी नवी ओळ. कुठलाही क्रम नाही, शिफ्ट नाही, टेलनेटने डोळ्यांनी वाचता येतो. मोठ्यात मोठा बिनचिन्हाचा ६४ बिटांचा आकडा २० अंकांचा. मिनिटाला २१ बाइट गेले तर काय बिघडलं?

घणसोली_सेक्टर७ | २३ ऑगस्ट, सकाळी ९.००

मिनिटाला एक आकडा असेल तर पूर्ण सहमत. फक्त दोन पथ्यं. छापताना %एलडी नको, इंटटाइप्स.एच मधलं पीआरआयडी६४ किंवा पीआरआययू६४. वाचताना एटीओआय नको, एसटीआरटीओयूएलएल, आणि त्याआधी एररनो (त्रुटीचा क्रमांक जिथे येतो तो चल) शून्य करून नंतर मर्यादेबाहेर गेला का ते बघायचं.

तिसरं म्हणजे, पुढे कोणी याचं जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) करून ब्राउझरला दिलं तर आकडा अवतरणचिन्हात द्या. जावास्क्रिप्टचा नेहमीचा नंबर दोनाच्या ५३व्या घातापर्यंतच प्रत्येक पूर्णांक अचूक धरतो, ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंत. त्याच्या पुढचा विषम आकडा गुपचूप शेजारच्या समावर जातो. पाण्याचे मिलिलिटर तिथे पोचायचे नाहीत, पण व्यवहार क्रमांक पोचतात.

पारसिक | २३ ऑगस्ट, सकाळी ११.३५

रबाळे_लोकल, आणखी एक विचारायचं राहिलं. आठ बाइट घेता कसे? एकदाच रिसीव्ह, आठ मागून?

रबाळे_लोकल | २३ ऑगस्ट, दुपारी १२.१०

हो, एकदाच. उत्तर उणे एक आलं तर चूक धरतो.

पारसिक | २३ ऑगस्ट, दुपारी १२.५५

मग दुसरी चूक रांगेत उभी आहे. टीसीपी म्हणजे नळ. तुम्ही तिकडून तांब्या तांब्या ओतलंत म्हणून इकडे तांब्याने येणार नाही. आठ मागितले तर तीनही मिळतात, आणि रिसीव्ह खुशाल ३ असं उत्तर देतो. तुम्ही उरलेल्या पाच जागी मागच्या मिनिटाचे बाइट धरून आकडा जोडाल. त्याहून वाईट म्हणजे राहिलेले पाच पुढच्या आकड्याच्या सुरुवातीला येतील, आणि तिथून पुढचा प्रत्येक आकडा सरकलेला असू शकतो. तो आपोआप बरा होईलच असं नाही.

मिळाले = ०;
व्हाइल (मिळाले < ८) {
  न = रिसीव्ह(सॉकेट, ब + मिळाले, ८ - मिळाले, ०);
  इफ (न > ०) मिळाले += न;
  एल्स इफ (न == ०) रिटर्न बंद;
  एल्स इफ (एररनो != ईआयएनटीआर) रिटर्न चूक;
}

न शून्य आला म्हणजे पलीकडच्याने जोडणी बंद केली. ती चूक नाही, पण ती वेगळी ओळखली नाहीत तर लूप अखंड फिरत राहील. पाठवतानाही असंच, सेंड सगळे बाइट घेईलच असं नाही. ऑफिसातल्या लॅनवर हे सहसा दिसणार नाही. मोबाईल डेटावरून आला की दिसेल.

रबाळे_लोकल | २३ ऑगस्ट, दुपारी १.०५

पुढच्या महिन्यात तो बोर्ड सिमकार्डवर जाणार होता. देवासारखे भेटलात.

बारावी_नंतर | २३ ऑगस्ट, रात्री ८.४०

अजून एक शंका. आम्हाला आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत शिकवताहेत. त्यातली संख्या २,०४८ बिटांची. ती कुठल्याच प्रकारात मावत नाही, मग ती कशी पाठवतात?

तलावपाळी | २३ ऑगस्ट, रात्री ९.५०

छान प्रश्न. तत्त्व तेच, फक्त आधी लांबी सांगायची. एसएसएच या सुरक्षित लॉगिनच्या प्रोटोकॉलच्या आरएफसी ४२५१ मध्ये 'एमपीइंट' म्हणून प्रकार आहे: आधी चार बाइटांत लांबी, मग संख्येचे बाइट, मोठं टोक आधी. त्यातली खुबी बघ. संख्या धन असून तिचा पहिलाच बिट एक असेल, तर वाचणारा तिला ऋण समजेल. म्हणून पुढे एक शून्याचा बाइट जास्तीचा जोडायचा. आरएसएची २,०४८ बिटांची संख्या २५६ बाइटांची, पण तिचा वरचा बिट एकच असतो, म्हणून तारेवर २५७ जातात. वरच्या धाग्यातला चिन्हाचा घोळ आठव, तोच इथे आधीच ओळखून बंदोबस्त केलाय.

हाताने करायचं नसेल तर जीएमपी या मोठ्या संख्यांच्या लायब्ररीमध्ये एमपीझेड_एक्सपोर्ट आणि एमपीझेड_इम्पोर्ट आहेत. क्रम तू सांगायचा. आणि आलेल्या लांबीवर डोळे झाकून मेमरी मागायची नाही; आधी कमाल मर्यादा ठरव, तिच्या वर असेल तर जोडणी तोड. लांबी पलीकडच्या अनोळखी माणसाने लिहिलेली असते.

रबाळे_लोकल | २५ ऑगस्ट, रात्री १०.१५

अहवाल देतो. जुना कोड सॅनिटायझर लावून चालवला, २,१४७ च्या वरचा आकडा दिला. पहिल्याच फटक्याला ओळ आली: १२८ ला २४ घरं डावीकडे सरकवलं तर ते इंटमध्ये मावत नाही, अशा अर्थाची, ओळ क्रमांकासकट. तीस सेकंदांचं काम होतं, आणि त्यासाठी मी दोन वेळा गुडघाभर पाण्यात उभा राहून केबल बदलली.

आठही बाइटांना कास्ट केलं. रिसीव्हचा लूप घातला. चाचणीत आता आठ आकडे कायमचे ठेवलेत: शून्य, एक, दोनाच्या ३१व्या आणि ३२व्या घाताच्या अलीकडचा-पलीकडचा एकेक, ३१व्या घाताची तिप्पट, आणि सगळ्यात मोठा. घणसोलीताईंच्या मिप्सच्या गोष्टीमुळे तोच प्रोग्रॅम मोठा-बाइट-आधी असलेल्या एस३९०एक्स मेनफ्रेमसाठी कंपाइल करून क्यूईएमयू या एम्युलेटरखालीही चालवला. तेच उत्तर.

ग्राहकाचा प्रश्नही सुटला. पारसिकदादा म्हणाले तसं खालचे चार बाइट शाबूत होते, आणि त्या काळात वरचे खरोखर शून्यच होते. लॉगमधल्या प्रत्येक उणे आकड्यात ४,२९४.९६७२९६ किलोलिटर मिळवले. ६ जुलैच्या शेवटच्या बरोबर आकड्याला आणि १२ ऑगस्टच्या पहिल्या बरोबर आकड्याला रेषा सांधली, कुठे खाच नाही. दुरुस्त तक्ता आणि काय चुकलं होतं ते दोन परिच्छेदांत लिहून ग्राहकाला दिलं. चूक आमची होती हेही लिहिलं.

येऊर_पायवाट | २६ ऑगस्ट, सकाळी ७.०५

मी ओल म्हणालो होतो, ते मागे घेतो. फार शिकायला मिळालं. आमच्याही डेटा लॉगरचा कोड आज उघडून बघणार आहे.

येऊर_पायवाट | २६ ऑगस्ट, दुपारी ४.३०

बघितला. ब[०] << २४, कास्ट नाही. तिथे सेकंद आहेत, १९७० पासूनचे, यूइंट६४_टी मध्ये भरलेले. म्हणजे २०३८ च्या १९ जानेवारीला आमचं हेच झालं असतं. आजच बदललं.

रबाळे_लोकल | १६ सप्टेंबर, सायं. ६.५०

धागा वर काढतोय. गणपतीची सुट्टी आहे, तरी ऑफिसला येऊन स्क्रीनसमोर बसलो होतो. गणपतीतही कारखाना चालू होता, पाणी जवळपास नेहमीइतकंच गेलं. ६ वाजून १२ मिनिटांनी ६,४४२.४१, १३ ला ६,४४२.४६. आत्ता ६,४४४.१ आहे.